अप्रोचमधील नियंत्रणदोषावरचा उड्डाणयोग्यता निर्देश कसा वाचावा आणि कसा पाळावा

विमान धावपट्टीकडे उतरत असते, म्हणजे ‘अप्रोच’च्या टप्प्यात असते, तेव्हा त्याची उंची कमी होत असते, वेग मुद्दाम उतरवलेला असतो, फ्लॅप (कमी वेगात उचल वाढवणारे पंखांच्या कडेचे पट्टे) आणि चाके बाहेर आलेली असतात आणि दोन्ही वैमानिकांचे लक्ष आधीच अनेक कामांत वाटले गेलेले असते. पस्तीस हजार फुटांवर ज्या बिघाडाचा विचार करायला काही मिनिटे मिळतात, तोच बिघाड पंधराशे फुटांवर झाला तर हाती केवळ काही सेकंद उरतात. त्यामुळे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारे पंखांवरचे पट्टे), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे शेपटीचे पट्टे), रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा उभा पट्टा), फ्लॅप, स्पॉयलर (पंखांवर उघडून उचल घटवणारे पट्टे) किंवा त्यांना आज्ञा देणारे ऑटोपायलट आणि संगणक यांतील एखादा दोष अप्रोचच्या टप्प्यात धोका निर्माण करू शकतो असे आढळले, की हवाई सुरक्षेचे नियामक नुसता सल्ला देऊन थांबत नाहीत, तर सक्तीचा नियम काढतात. या नियमाला उड्डाणयोग्यता निर्देश म्हणतात. एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह हे त्याचे इंग्रजी नाव असून हँगरमध्ये आणि कचेरीत सगळे त्याला ‘एडी’ म्हणतात.

विमान देखभालीचे शिक्षण घेणाऱ्या, विमान कंपनीच्या तांत्रिक नोंदी सांभाळणाऱ्या आणि नव्याने वैमानिक होणाऱ्या वाचकांसाठी ही मांडणी केली आहे. एडी हाती आली की बहुतेक जण आपले विमान तिच्यात मोडते का आणि मुदत किती आहे, हे आधी पाहतात. हे दोन्ही प्रश्न आवश्यकच आहेत. परंतु वाचनाची सुरुवात धोक्याच्या वर्णनापासून करावी असा माझा आग्रह आहे, कारण धोका न समजता केलेले काम कागदावर पूर्ण आणि विमानात अपुरे राहू शकते. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने केले आहे.

नियमाचे बळ

१९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीची जी चौकट उभी राहिली, तिचे आठवे परिशिष्ट उड्डाणयोग्यतेविषयी आहे. विमानाचा आराखडा ज्या देशात मंजूर झाला तो देश धोक्याची आणि सक्तीच्या उपायाची माहिती प्रसृत करतो, आणि विमान ज्या देशात नोंदवलेले आहे तो देश ती स्वीकारतो किंवा स्वतः तपासून योग्य ती कारवाई करतो. म्हणून एकाच दोषावर दोन देशांच्या दोन एडी निघालेल्या दिसल्या, तर आपल्या विमानाच्या नोंदणीचा देश काय सांगतो हे प्रथम पाहावे आणि त्या देशाने मूळ निर्देश जसाच्या तसा स्वीकारला आहे की त्यात काही भर घातली आहे, याची खात्री करावी.

अमेरिकेच्या नियमावलीतील भाग ३९ मध्ये या निर्देशांचा पाया स्पष्ट शब्दांत मांडलेला आहे. उत्पादनात असुरक्षित स्थिती आहे आणि त्याच आराखड्याच्या इतर उत्पादनांतही ती असण्याची किंवा उद्भवण्याची शक्यता आहे, या दोन्ही गोष्टी आढळल्या की निर्देश काढला जातो. त्याचे पालन न करता विमान उडवले, तर प्रत्येक उड्डाण हे स्वतंत्र उल्लंघन ठरते. उत्पादक कंपनीचे सर्व्हिस बुलेटिन आणि एडी यांतील फरकही येथेच लक्षात घ्यावा. बुलेटिन ही उत्पादकाची शिफारस असते, आणि एडीने तिचा आधार घेतला की त्यातील तेवढा भाग बंधनकारक होतो. दोहोंत विसंगती आढळली, तर एडी सांगते तेच करावे.

निर्देशाचा क्रमांकही वाचता आला पाहिजे. अमेरिकेच्या २०२१-२३-१२ या क्रमांकातील पहिला भाग वर्षाचा, दुसरा त्या वर्षातील तेविसाव्या पंधरवड्याचा आणि तिसरा त्या पंधरवड्यातील अनुक्रमाचा आहे. प्रस्तावित नियम, अंतिम नियम आणि तातडीचा निर्देश असे तीन प्रकार नेहमी समोर येतात. प्रस्तावित नियमावर अभिप्राय मागवलेले असतात आणि तो अजून बंधनकारक नसतो. तरीही धोक्याचे वर्णन त्यात आलेलेच असल्यामुळे तो बाजूला ठेवून देऊ नये.

धोक्याचा परिच्छेद

निर्देशात अंमलाची तारीख, कोणता जुना निर्देश बदलला, कोणत्या विमानांना लागू, विषय, असुरक्षित स्थिती, मुदत आणि करावयाचे काम असे परिच्छेद ठराविक क्रमाने येतात. विषयाच्या परिच्छेदात विमानप्रणालींचा प्रचलित प्रकरण क्रमांक दिलेला असतो. त्यात २७ म्हणजे उड्डाण-नियंत्रणे, २२ म्हणजे स्वयंचलित उड्डाण आणि ३४ म्हणजे दिशादर्शन. अप्रोचमधील नियंत्रणाचा धोका या तिघांपैकी कोणत्याही प्रकरणात असू शकतो. जो तंत्रज्ञ केवळ २७ क्रमांकाखालील निर्देश चाळतो, त्याच्या नजरेतून नेमका महत्त्वाचा निर्देश सुटू शकतो, याची उदाहरणे पुढे येतीलच.

असुरक्षित स्थितीचा परिच्छेद वाचताना कागदावर चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. कोणता भाग बिघडतो? तो बिघडल्यावर विमान नेमके काय करते? वैमानिकाला ते कशावरून कळते, किंवा कळतच नाही? आणि सावरण्यासाठी किती उंची व किती वेग लागतो? शेवटचे दोन प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत, आणि अप्रोचमध्ये तेच निर्णायक असतात.

बोइंग ७३७ च्या रडरचे प्रकरण या चारही प्रश्नांचा वस्तुपाठ आहे. ३ मार्च १९९१ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे उतरताना युनायटेड एअरलाइन्सचे उड्डाण ५८५ कोसळून विमानातील सर्व २५ जण मृत्युमुखी पडले. ८ सप्टेंबर १९९४ रोजी पिट्सबर्गजवळ उतरण्याच्या तयारीत असलेले यूएसएअरचे उड्डाण ४२७ कोसळले आणि १३२ जणांचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९९ मध्ये ४२७ चा अहवाल दिला, तेव्हा रडर हलवणाऱ्या हायड्रॉलिक युनिटमधील सर्व्हो व्हॉल्व्हचा (द्रवाचा प्रवाह वळवणाऱ्या झडपेचा) आतला एक सरकता भाग अडकून दुसरा भाग मर्यादेपलीकडे गेला असावा आणि त्यामुळे रडर पेडलच्या उलट दिशेला टोकापर्यंत वळले असावे, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे वैमानिक विमान सावरण्यासाठी पेडल दाबत होता आणि रडर विरुद्ध बाजूला जात होते.

या प्रकरणातील वेगाचा मुद्दा प्रत्येक वैमानिकाने आणि तंत्रज्ञाने समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. रडर एका टोकाला गेले की विमान त्या बाजूला वळते आणि कलतेही. तो कल एलेरॉन आणि स्पॉयलर पूर्ण वापरून थोपवता येतो, परंतु ठराविक वेगाच्या वरच. त्या वेगाखाली रडरचा जोर वरचढ ठरतो. या सीमावेगाला क्रॉसओव्हर वेग म्हणतात. ४२७ हे विमान सुमारे ६,००० फुटांवर, फ्लॅप १ च्या स्थितीत, १९० नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने उडत होते, आणि उड्डाण-चाचण्यांत त्या स्थितीतील सीमावेग सुमारे १८७ नॉट आढळला. शिवाय नाक वर उचलण्यासाठी नियंत्रण-दांडा मागे ओढला की पंखांवरील भार वाढतो आणि सीमावेगही वर सरकतो. उंची टिकवण्याची जी सहज प्रतिक्रिया प्रत्येक माणसाच्या हातून होते, तीच अशा वेळी विमान हाताबाहेर घालवते. ९ जून १९९६ रोजी रिचमंडला उतरणाऱ्या ईस्टविंडच्या उड्डाण ५१७ मध्ये असाच प्रकार झाला, पण त्या विमानाचा वेग सुमारे २५० नॉट होता आणि ते सुखरूप उतरले.

१९९६ च्या अखेरीस निघालेल्या ९६-२६-०७ या निर्देशाने ७३७ च्या उड्डाण-पुस्तिकेत नवी कार्यपद्धती घालायला लावली. आज्ञेशिवाय विमान कलू किंवा वळू लागले तर उपलब्ध सर्व नियंत्रणे वापरावीत, कल आटोक्यात येत नसेल तर लगेच नाक खाली करून वेग वाढवावा आणि ताबा परत मिळेपर्यंत उंची राखण्याचा प्रयत्न करू नये, असा तिचा आशय होता. ज्याला क्रॉसओव्हर वेग ठाऊक नाही त्याला ही सूचना विचित्र वाटेल आणि ऐन वेळी त्याचा हात दांडा मागेच ओढेल. पुढे २००२ च्या निर्देशाने रडरची नवी नियंत्रण-रचना बसवणे सक्तीचे केले. पुस्तिकेतील सूचनेपासून नव्या रचनेपर्यंत काही वर्षे गेली आणि त्या काळात संरक्षण होते ते वैमानिकाच्या समजुतीचेच.

नियंत्रण शाबूत, पण माहिती चुकीची

काही वेळा नियंत्रणाचा प्रत्येक भाग निर्दोष असतो, परंतु त्याला मिळणारी माहिती चुकीची असते. २५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर उतरणाऱ्या टर्किश एअरलाइन्सच्या उड्डाण १९५१ मध्ये, म्हणजे बोइंग ७३७-८०० या विमानात, डावा रेडिओ अल्टिमीटर (रेडिओलहरींनी जमिनीपासूनची उंची मोजणारे उपकरण) सुमारे १,९५० फुटांवर असताना उणे ८ फूट दाखवू लागला. त्या आकड्यावर विसंबून ऑटोथ्रॉटलने (इंजिनांचा जोर आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेने) विमान जमिनीला टेकतच आहे असे मानले आणि इंजिनांचा जोर किमान पातळीवर आणला. ऑटोपायलट मात्र उजव्या बाजूच्या योग्य माहितीवर चालत असल्यामुळे ग्लाइड स्लोपवर (उतरण्याचा उतार दाखवणाऱ्या रेडिओ किरणावर) राहण्यासाठी नाक हळूहळू उचलत राहिला. निवडलेला वेग १४४ नॉट होता आणि तो घसरत गेला. सुमारे ४६० फुटांवर स्टॉलचा (वेग घटून पंखांची उचल नाहीशी होण्याचा) इशारा देणारा दांडा थरथरला, तेव्हा सावरायला पुरेशी उंची उरलेली नव्हती. नऊ जणांचा मृत्यू झाला.

याच उपकरणाविषयी १२ वर्षांनी अगदी वेगळ्या कारणाने निर्देश निघाला. रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करतो आणि अमेरिकेत ५जी सेवेला त्याच्या शेजारचा ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झचा पट्टा दिला गेला. ७ डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने वर उल्लेखिलेला २०२१-२३-१२ हा निर्देश काढला आणि जेथे ५जीचा व्यत्यय संभवतो असे वैमानिकांसाठीच्या नोटॅम सूचनेत जाहीर होईल, तेथे रेडिओ अल्टिमीटरवर अवलंबून असलेल्या अप्रोच व लँडिंगच्या ठराविक कृतींना मनाई केली. अशा निर्देशात नटबोल्ट उघडायचे काम नसते. पुस्तिकेतील मर्यादा आणि त्या दिवशीची नोटॅम सूचना मिळून नियम पूर्ण होतो, म्हणून त्याचे पालन कंपनीच्या उड्डाण-नियोजन कक्षात आणि कॉकपिटमध्ये दररोज नव्याने करावे लागते. तांत्रिक विभागाने पुस्तिकेत पान घातले आणि सही केली, एवढ्यावर ते संपत नाही.

ऑटोपायलट धोका झाकून ठेवतो, हा याच कुटुंबातील आणखी एक प्रकार. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी इंडियानातील रोझलॉनजवळ एटीआर ७२ हे विमान शिकागोला उतरण्याची वाट पाहत घिरट्या घालत होते. गोठणाऱ्या तुषारांमुळे पंखाच्या पुढच्या कडेवरील फुगणाऱ्या रबरी पट्ट्यांच्या मागे, जेथे बर्फ काढण्याची सोय नव्हती तेथे, बर्फाचा उंचवटा तयार झाला. फ्लॅप आत घेतल्यावर पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी असलेला कोन वाढला, एलेरॉन हवेच्या जोराने आपोआप एका बाजूला ओढला गेला आणि ऑटोपायलट सुटताच विमान झपाट्याने कलले. सर्व ६८ जण दगावले. त्यानंतरच्या निर्देशांनी तीव्र हिमसंचयाच्या दृश्य खुणा पुस्तिकेत घालायला लावल्या आणि अशा परिस्थितीत ऑटोपायलट वापरण्यास मनाई केली. हातात दांडा असला तर नियंत्रणांतील जडपणा किंवा एका बाजूची ओढ तळव्याला जाणवते. ऑटोपायलट ती ओढ स्वतः सोसत राहतो आणि त्याची क्षमता संपली की सगळा भार एका क्षणात वैमानिकाच्या हाती देतो.

सॉफ्टवेअरमधील दोषाकडेही याच दृष्टीने पाहावे. २०१९ मध्ये हाँगकाँगला उतरणाऱ्या काही बोइंग ७८७ विमानांत ऑटोपायलटने लोकलायझरचा (धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा) रेडिओ किरण पकडण्यास सुरुवात केली, परंतु तो नीट न धरता विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे गेले. उपाय उड्डाण-नियंत्रण मॉड्यूलच्या नव्या सॉफ्टवेअरचा होता. असे सॉफ्टवेअर बसेपर्यंत पडद्यावर ‘पकडले’ असे अक्षर उमटले म्हणून निश्चिंत न होता किरणापासून किती फरक आहे हे दाखवणारा काटा स्वतः पाहत राहणे, हेच वैमानिकाच्या हाती असते.

आपले विमान यात येते का

धोका समजल्यावर लागू होण्याचा परिच्छेद वाचावा. काही निर्देश विमानाच्या प्रकार आणि अनुक्रमांकावर, तर काही सुट्या भागाच्या क्रमांकावर आधारलेले असतात. दुसऱ्या प्रकारात चूक होण्याचा संभव अधिक असतो, कारण ॲक्चुएटर (नियंत्रणाचे भाग हलवणारे यंत्र), संगणक आणि अल्टिमीटर हे भाग एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवले जातात. कारखान्यातून निघताना विमानात कोणता भाग होता यावर विसंबू नये. आज त्यात काय बसलेले आहे हे नोंदींतून पाहावे आणि नोंद संदिग्ध असेल तर विमानाजवळ जाऊन भागावरची पट्टी वाचावी. गोदामातील सुटे भागही त्याच वेळी तपासावेत, नाहीतर दोषमुक्त केलेल्या विमानात पुढील महिन्यात तोच दोषी भाग पुन्हा बसवला जाईल.

विमानात नंतर काही बदल केला असल्यास निर्देश लागू होत नाही, असा एक गैरसमज आढळतो. निर्देशात नाव असलेल्या उत्पादनाला तो बदलानंतरही लागूच राहतो. बदलामुळे सांगितलेले काम करणे शक्य नसेल, तर पर्यायी पद्धतीची मंजुरी नियामकाकडून लेखी घ्यावी. उत्पादकाच्या प्रतिनिधीने दूरध्वनीवर दिलेली संमती ही मंजुरी नव्हे.

मुदत मोजणे

मुदत उड्डाण-तासांत, उड्डाण-चक्रांत किंवा दिवस-महिन्यांत दिलेली असते. एक उड्डाण आणि एक लँडिंग मिळून एक चक्र होते. उतरण्याच्या टप्प्यातील दोष जेव्हा प्रत्येक लँडिंगगणिक वाढणारा असतो, तेव्हा मुदत चक्रांत असण्याची शक्यता अधिक, आणि छोट्या अंतरांवर उडणाऱ्या विमानाची चक्रे तासांच्या मानाने फार लवकर भरतात.

उदाहरणादाखल, ‘६०० उड्डाण-तास किंवा ६ महिने, यांपैकी जे आधी येईल ते’ अशी मुदत आहे असे समजू. विमान दिवसाला ८ तास उडत असेल तर ६०० तास ७५ दिवसांत संपतात आणि सहा महिन्यांचा आकडा निरर्थक ठरतो. ‘जे आधी’ आणि ‘जे नंतर’ या दोन शब्दांतील फरकाने संपूर्ण वेळापत्रक बदलते, म्हणून ते वाक्य दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे वाचून आपापली तारीख काढावी आणि मग जुळवावी. मोजणी कोठून सुरू होते हेही पाहावे. बुलेटिन ‘या बुलेटिनच्या तारखेपासून’ असे म्हणत असते आणि एडी बहुधा तेच कलम ‘या निर्देशाच्या अंमलाच्या तारखेपासून’ असे वाचायला सांगते. पुन्हा पुन्हा करायच्या तपासणीत पुढील मुदत मागील तपासणी प्रत्यक्ष केली त्या दिवसापासून धरायची असते.

कॉकपिटमधील पालन

पुस्तिकेतील नवी मर्यादा वैमानिकाने वाचली, सही केली आणि विसरली, असे होऊ नये यासाठी ती अप्रोचच्या ब्रीफिंगमध्ये आणावी. आपल्या विमानावर एखादा असा निर्देश अजून पूर्ण व्हायचा असेल, तर उतरण्यापूर्वी एकमेकांना तीन वाक्यांत सांगावे. काय बिघडू शकते, ते प्रथम कशावरून दिसेल आणि तसे दिसल्यास कोण काय करील, एवढे त्यात यावे.

स्थिर अप्रोचची प्रचलित कसोटी येथे फार उपयोगी पडते. ढगांत किंवा कमी दृश्यमानतेत धावपट्टीच्या पातळीपासून १,००० फुटांवर आणि स्वच्छ हवामानात ५०० फुटांवर विमान योग्य मार्गावर असावे, फ्लॅप व चाके उतरण्याच्या स्थितीत असावीत, वेग संदर्भ-वेगापेक्षा (त्या वजनाला उतरण्यासाठी ठरवलेल्या वेगापेक्षा) कमी नसावा आणि २० नॉटांहून अधिक वर नसावा, उतरण्याचा दर मिनिटाला १,००० फुटांपेक्षा जास्त नसावा आणि इंजिनांचा जोर त्या स्थितीला साजेसा असावा. यांतील शेवटची अट अनेकदा दुर्लक्षित राहते. ॲम्स्टरडॅमच्या विमानात इंजिने किमान जोरावर होती आणि तेवढी एकच खूण गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) घेण्यास पुरेशी होती. नियंत्रणातील दोषाची पहिली खूण अशीच कसोटीतील एखाद्या छोट्या विचलनाच्या रूपात दिसते, म्हणून विचलनाचे कारण शोधत खाली जाऊ नये. वर जाऊन शोधावे.

मात्र गो-अराउंडमध्येही एक सावधगिरी आहे. फ्लॅप हलवल्याबरोबर विमान कलू लागले, तर विमानाच्या कार्यपद्धतीत वेगळे सांगितले नसेल तेथे फ्लॅप आधीच्या स्थितीत परत न्यावेत, कारण त्या स्थितीत विमान ताब्यात होते हे आपल्याला ठाऊक आहे. दोष आधीच जाणवला असेल आणि इंधन व हवामान परवानगी देत असेल, तर पुरेशा उंचीवरच फ्लॅप आणि चाके एकेक टप्प्याने बाहेर काढून, उतरण्याच्या वेगापर्यंत हळूहळू येऊन विमान कसे वागते ते पाहावे. ज्या वेगाला ते बिथरू लागते त्याच्या वरच्या वेगाने उतरावे आणि त्यानुसार लांब धावपट्टी निवडावी. अशा वेळी ऑटोपायलट सोडताना दांडा घट्ट धरून आणि ट्रिमकडे (नियंत्रणांवरचा सततचा जोर तोलून धरणाऱ्या योजनेकडे) पाहून सोडावा.

हँगरमधील पालन

निर्देशाचे काम करताना नवा धोका निर्माण होऊ शकतो, ही गोष्ट मी मुद्दाम स्वतंत्रपणे मांडतो. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमधील अल्व्हेर्का येथून देखभालीनंतर निघालेल्या एअर अस्तानाच्या एम्ब्राएर १९० विमानात एलेरॉनच्या केबल उलट जोडल्या गेल्या होत्या. हवेत गेल्यावर विमान आज्ञेच्या विरुद्ध कलू लागले. वैमानिकांनी बराच वेळ झुंज देऊन, अनेक प्रयत्नांनंतर ते बेजा येथे उतरवले. नियंत्रणे शेवटपर्यंत आणि मोकळी फिरतात एवढेच पाहिले तर अशी चूक सापडत नाही, कारण उलट जोडलेला एलेरॉनही शेवटपर्यंत आणि मोकळाच फिरतो. एकाने कॉकपिटमध्ये दांडा डावीकडे न्यावा, दुसऱ्याने बाहेर उभे राहून डावा एलेरॉन वर आणि उजवा खाली गेला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मोठ्याने सांगावे, आणि हे प्रत्येक पृष्ठभागासाठी करावे. काम करणाऱ्याखेरीज दुसऱ्या अधिकृत व्यक्तीने स्वतंत्र तपासणी करायची असते, आणि त्या व्यक्तीने पहिल्याचे बोलणे ऐकून सही करू नये.

नोंदीत निर्देशाचा क्रमांक आणि सुधारणेची तारीख, कोणत्या पद्धतीने काम केले, त्या वेळचे विमानाचे तास व चक्रे, काढलेल्या व बसवलेल्या भागांचे क्रमांक आणि पुढील मुदत लिहावी. ‘एडी पूर्ण’ एवढेच लिहिलेली नोंद पुढील तंत्रज्ञाच्या काहीही कामाची नसते, कारण एकाच निर्देशात दोन पर्याय असतील आणि त्यांपैकी एकालाच पुन्हा तपासणी लागत असेल, तर कोणता पर्याय घेतला हे त्याला कळणारच नाही.

वैमानिकाचा अहवाल

निर्देशांचा जन्म अहवालांतून होतो. ॲम्स्टरडॅमला कोसळलेल्या विमानात त्याआधीच्या आठ लँडिंगमध्ये दोनदा अल्टिमीटरचा तसाच दोष दिसला होता, आणि ईस्टविंडचे विमान सुखरूप परतल्यामुळे तपासकांना वैमानिकांचे कथन आणि रडरचे युनिट दोन्ही मिळाले. म्हणून अप्रोचमध्ये पेडलला झटका बसणे, दांडा क्षणभर जड लागणे, ऑटोथ्रॉटलने अवेळी जोर कमी करणे असा कोणताही प्रकार घडला आणि नंतर सर्व सुरळीत झाले, तरी तो लिहून द्यावा.

‘नियंत्रणे जड वाटली’ असे लिहिल्याने तंत्रज्ञाला जमिनीवर काहीच सापडत नाही आणि तो ‘तपासले, ठीक आहे’ असा शेरा मारून मोकळा होतो. त्याऐवजी त्या वेळची उंची, वेग, फ्लॅपची स्थिती, बाहेरचे तापमान, पाऊस किंवा बर्फ, ऑटोपायलट आणि यॉ डॅम्पर (विमानाच्या नाकाचे डावे-उजवे डोलणे आवरणारी यंत्रणा) चालू होते की बंद, कोणत्या दिशेला किती जोर लावावा लागला, पेडल कोठे होते, प्रकार किती सेकंद टिकला आणि काय केल्यावर थांबला हे लिहावे. तापमान विशेषतः विसरू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेवार्क येथे उतरलेल्या एका ७३७-८ विमानात धावपट्टीवर रडरची पेडल मध्यावर अडकली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जाहीर केले, की रडरशी जोडलेल्या एका ॲक्चुएटरची चाचणी थंड वातावरणात घेतली तेव्हा त्याच्या हालचालीला अटकाव झाल्याचे आढळले. त्यातील एक सीलबंद बेअरिंग चुकीच्या पद्धतीने बसवले गेले होते, आणि त्यामुळे आत ओलावा शिरून गोठण्याचा संभव वाढला होता. उबदार हँगरमध्ये तोच भाग तपासला असता तर तो मोकळा फिरला असता. अहवालावर बाहेरचे तापमान लिहिलेले असेल, तर भाग थंड करून तपासावा हे तंत्रज्ञाला सुचते.